दारातून न निघणारा पडदा

सोमवार, ४

उस्ताद म्हणतात, काम हातात घेतलं की रोजचं लिहून ठेवावं, म्हणजे तीच चूक दोनदा होत नाही, दर वेळी नवीन होते. उस्ताद म्हणजे आमच्या टीव्ही-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचे मालक. शाळेने मला सोडलं (की मी शाळेला, यावर घरात दोन मतं आहेत) तेव्हापासून मी त्यांच्याकडेच आहे. लिहायला शाळेची जुनी वही काढली. मागची पानं कोरी होती. पुढची पण तशीच होती म्हणा.

तर बातमी. घरात होम थिएटर होणार. एका ऑफिसने टाकून दिलेला प्रोजेक्टर मी खपून खपून चालू केलाय. त्याचा पंखा भुंग्यासारखा गुणगुणतो, पण चित्र झकास. वरच्या खोलीत भिंतीवर मारून बघितला तर भिंतीचे पोपडे हिरोच्या गालावर आले, देवी झाल्यासारखा दिसायला लागला. म्हणजे पडदा हवा. विकतचा परवडत नाही, म्हणून घरीच करायचा. छोटा नाही. अख्ख्या भिंतीएवढा.

पण खरी बातमी ही नाहीच. खरी बातमी म्हणजे बाबा हो म्हणाले.

खोकणाऱ्या कपाटाचं प्रकरण झाल्यापासून बाबा माझ्याशी "सरक" याच्यापलीकडे काही बोलत नव्हते. झालं असं की वरच्या कपाटात मी एक सर्किट ठेवलं होतं. दार उघडून उजेड आत गेला की आतून म्हातारा खोकतो. ताईसाठी होतं ते. पण बाबांच्या ओळखीचे कोणी नवराबायको आले, बाबांनी त्यांना वर नेलं, का कोण जाणे, आणि त्या बाईंनी सरळ आमचं कपाट उघडलं. दुसऱ्यांची कपाटं उघडतं का कोणी? म्हातारा खोकला. बाई जिना उतरल्या त्या थेट रस्त्यावर, आणि नवरा त्यांच्या चपला हातात घेऊन मागे. मी लोळून लोळून हसलो. घरात दुसरं कोणी हसलं नाही. पाहुणेच होते, येतील परत, मी म्हटलं. नाही आले.

आणि आता हेच बाबा म्हणतात, कर पडदा. अटी आहेत. खोली रिकामी करायची, पोपडे खरवडून भिंतींना रंग द्यायचा, कपाट खाली आणायचं. आणि कोणी बघायला आलं तर माणसासारखं वागायचं. कोण येणार बघायला, मी विचारलं. येतील, म्हणाले.

तिकीट लावावं का?

शुक्रवार, ८

खोली रिकामी केली. कपाट खाली आणताना जिन्याच्या वळणावर असं अडकलं की मी वर, बाबा खाली, मध्ये कपाट, आणि कोणालाच हलता येईना. शेवटी त्याचे पाय कापावे लागले. कपाटाचे.

आई वर येत नाही. खालूनच ओरडते, चहा घे, जेवायला ये, आवाज कमी कर. जिन्याशी कट्टी केल्यासारखं वागते. दोन पायऱ्या चढते, कठड्याला धरून उभी राहते आणि काहीतरी आठवल्यासारखी परत फिरते. आज मी तिच्या चालण्याची नक्कल केली, बदकासारखी. ती पण हसली. मग खुर्चीत बसून बराच वेळ गुडघा चोळत होती.

मी तिला सांगितलं की पहिला खेळ फक्त तुझ्यासाठी. मधल्या खुर्चीत तू. थिएटरात जाऊन तिला युगं झाली. फार पायऱ्या आहेत म्हणते तिथे. म्हणून तर थिएटर घरी आणतोय.

रविवार, १०

वखारीतून पाइनच्या पट्ट्या आणल्या. एकेक करून वर नेल्या आणि वरच जोडायला घेतल्या. कोपरे काटकोनात आहेत का बघायला ताईने दोरी आणली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी धरायची, मग दुसरीकडून. दोन्ही सारख्या आल्या की फ्रेम सरळ. ताई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, तिला या गोष्टी कळतात. मला वाटायचं पडदे शिवणं म्हणजे सरळ रेषेत मशीन पळवणं.

पण भांडण झालं. ती म्हणते मध्ये बिजागऱ्या घाल, घडी होईल अशी कर. मी म्हटलं, अगं, मध्ये सांधा आला की चित्रात बरोबर मधोमध रेघ येणार. हिरॉइनच्या नाकाचे दोन भाग होतील. ती ऐकेना. उचलता यायला हवं, हलवता यायला हवं, एकच पालुपद. एवढा मोठा पडदा कशाला हलवायचा? तो काय फिरायला जाणारे?

तरी तिने बिजागऱ्या आणल्याच. माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "माकडा, एवढं एक माझं ऐक."

सोमवार, ११

ऐकलं. बिजागऱ्या लावल्या. फक्त, पसरून सपाट केल्या आणि मागच्या बाजूने कोपऱ्यांच्या सांध्यांवर स्क्रूने पिळून टाकल्या. आता हत्ती लोंबकळला तरी फ्रेम हलायची नाही.

मग गंमत म्हणून दाराशी धरून बघितली. आडवी, उभी, तिरकी. निघत नाही. खिडकीला गज. म्हणजे ती आता या खोलीत जन्मली आणि या खोलीतच म्हातारी होणार. मला फार बरं वाटलं. या घरात मी केलेली कुठलीच गोष्ट आजवर आठवडाभर टिकलेली नाही.

गुरुवार, १४

ताईने दुकानातून अस्तर आणलं. पडद्याला आतून लावतात ते, उजेड आरपार जाऊ न देणारं, पांढरं, एकसंध, मध्ये शिवण नसलेलं. एवढ्या रुंदीचा पन्हा सहज मिळत नाही. तिने मालकाला काय सांगितलं देव जाणे.

फ्रेम पालथी केली तेव्हा तिला कोपऱ्यातल्या बिजागऱ्या दिसल्या. पाठीत धपाटा पडणार म्हणून मी आधीच वाकलो. धपाटा आलाच नाही. ती खाली बसली आणि एका बिजागरीवरून बोट फिरवत राहिली. "अरे, काय केलंस हे," एवढंच, आणि तेही माझ्याशी बोलल्यासारखं नाही.

मग कापड. मी गादीवर चादर घालतात तसा एका कोपऱ्यापासून पिना ठोकत गेलो. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत हे सुरकुत्यांचं जाळं. ताईने सगळ्या पिना उपटायला लावल्या. कोपऱ्यापासून नाही, मधून सुरुवात करायची. एका बाजूच्या मध्यावर एक पिन, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर ताणून एक, आणि असं समोरासमोर करत कोपऱ्यांकडे सरकायचं. ती एका बाजूला ओढत होती, मी दुसऱ्या. कापड असं ताठ झालं की टिचकी मारली तर तबल्यासारखं वाजलं.

ती मध्येच म्हणाली, समजा हा पडदा दुसरीकडे कुठे लावायचा झाला तर? मी म्हटलं, दुसरीकडे म्हणजे कुठे? समजा रे, म्हणाली. मी म्हटलं, समजा तू लग्न करून गेलीस आणि आंदण म्हणून हाच मागितलास, तरी मिळणार नाही. हसली नाही. तिला काय झालंय कळत नाही. दुकानात काहीतरी असेल.

बुधवार, २०

रंगाने घोळ घातला. घरात उरलेला ऑइलपेंट मारला, छान चकाकत होता. प्रोजेक्टर लावला तर मधोमध हा एवढा सूर्य. सगळ्या सीनमध्ये सूर्य. खोलीतल्या खोलीत, तळघरात, विहिरीत सुद्धा सूर्य. उस्ताद म्हणाले, गाढवा, चमक नसलेला रंग लागतो, आणि त्यात चिमूटभर काळा घाल, म्हणजे अंधार अंधारासारखा दिसतो. पॉलिश पेपरने सगळं घासून परत रोलर मारला.

कडेने ताईने काळी मखमल लावून दिली. कडेला सांडलेला उजेड मखमल गिळून टाकते. चित्राची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. मी एकटाच बघत बसलो. काही लावलं नव्हतं, नुसता पांढरा उजेड. तरी बघत बसलो.

आईला म्हटलं, चल, झालं. तर म्हणे उद्या.

रविवार, २४

आज प्रेक्षक आले! बाबांच्या ओळखीचे चष्मेवाले काका आणि काकू. बाबा सकाळपासून जिना पुसत होते. बाबा! जिना!

मी ठरवलं होतं की काही करायचं नाही आणि खरंच काही केलं नाही. खिडकीला पुठ्ठा लावून अंधार केला, समुद्राचा व्हिडिओ लावला. लाट अशी अंगावर आली की काकूंनी पाय वर घेतले. काका तर उठून पडद्याजवळच गेले. हे सगळं घरी केलं? मी म्हटलं, घरी. मग मी कापड, पिना, रंग, मखमल सगळं सांगितलं. त्यांनी पण सगळं ऐकलं. मोठी माणसं सहसा दुसऱ्या वाक्याला घड्याळ बघतात.

काकू खिडकी वितीने मोजत होत्या. मला वाटलं त्यांना पण असाच करायचा असेल. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं इथेच राहणार ना?"

मी छाती काढून म्हटलं, "राहणार म्हणजे? दारातून निघतच नाही!"

सगळे हसले. ताई तेवढी खाली निघून गेली. आणि बाबांनी, मी खोटं लिहीत नाही, बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आमच्या चिरंजीवांनी केलंय सगळं, स्वतःच्या हातानं." चिरंजीव! याआधी मी कार्टं होतो.

काकांना मी दुकानाचा पत्ता दिला. मोबाइल बिघडला तर या म्हटलं.

सोमवार, २५

बाबा आज एकदाही सरक म्हणाले नाहीत. स्वतः सरकले.

गुरुवार, २८

चष्मेवाले काका दुकानात आले. मोबाइलची काच फुटली होती. मी खुशीत होतो, त्यांना स्टूल दिलं, उस्तादांना म्हटलं, हेच ते, माझे पहिले प्रेक्षक.

काकांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "चावी हातात आली की आधी त्या खोलीत सिनेमा लावणार बघ. बायकोला दुसरं एक घर आवडलं होतं, पण तुझ्या पडद्यानं फिरली ती."

मी विचारलं, कसली चावी.

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग उस्तादांकडे. मग काच कितीला पडेल ते विचारायला लागले. उस्तादांनी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. मी तो कसा धरला होता मला माहीत नाही.

घरी गेलो. तिघं चहा पीत होते. मी दारातूनच विचारलं, घर विकलं का. कोणी कप पण खाली ठेवला नाही. आईने ताईकडे बघितलं, ताईने बाबांकडे, आणि मला कळलं की हे बघणं रोजचं आहे. इतके दिवस हे तिघं माझ्या डोक्यावरून असं बघत होते.

बाबा म्हणाले, तळमजल्यावरचा फ्लॅट घेतलाय, इथून लांब नाही, लहान आहे पण पायऱ्या नाहीत. आईच्या गुडघ्यांचं डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगायला लागले. मी म्हटलं, ते राहू द्या. मला का नाही सांगितलं?

"तुला सांगितलं असतं तर कपाट खोकलं असतं," बाबा म्हणाले.

 खोकलं असतंच.

पण मग पडदा कशाला करू दिला? ताई म्हणाली, पहिले पाहुणे पळाले, तू परत काहीतरी करशील अशी भीती होती. मग आईच म्हणाली, त्याला करू दे काय करतोय ते, रमेल, खोली पण नीट होईल.

आई म्हणाली. मधली खुर्ची जिच्यासाठी ठेवली होती ती आई.

आजवर मी अख्ख्या घराला बनवत आलो. उंदीर, पाल, खोकणारा म्हातारा. कोणाला महिनाभर नाही बनवता आलं. यांनी तिघांनी मिळून मला बनवलं आणि एकालाही हसू फुटलं नाही. उस्तादी म्हणतात ती हीच.

शुक्रवार, २९

बोललो नाही कोणाशी. "सरक" सुद्धा नाही.

शनिवार, ३०

करवत घेऊन वर गेलो. फ्रेम मधून कापायची आणि न्यायची. नाहीतर नुसती कापायची आणि टाकून द्यायची. ताई मागून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. अडवलं नाही.

मी म्हटलं, बिजागऱ्या याच्यासाठी होत्या होय. ती हो म्हणाली. पडदा तरी तुझ्याबरोबर यावा असं वाटत होतं, म्हणाली. बाबांना तिने शब्द दिला होता की तोंड उघडणार नाही, आणि बिजागरी म्हणजे काही तोंड नव्हे.

"पडदा वाचवायला बिजागरी आणलीस," मी म्हटलं. "एक वाक्य आणायचं होतंस ना."

ती रडायला लागली. एरवी ती रडली की मी नाक फेंगडं करून तिची नक्कल करतो आणि ती हसते. आज मी करवतीचे दात मोजत बसलो.

कापला नाही. पिना मधून सुरुवात करून एकेक लावल्या होत्या. अर्ध्या तिने लावल्या होत्या. तिचा अर्धा तरी कापावा म्हटलं, पण कुठून कुठपर्यंत तिचा ते कळेना.

रविवार, १

आई वर आली.

मी खोलीत होतो. जिन्यावर काहीतरी घासल्याचा आवाज, मग थांबणं, मग परत घासणं. बघितलं तर ती बसून येत होती. पाठमोरी. एका पायरीवर बसायची, हातांनी स्वतःला वरच्या पायरीवर उचलायची, परत बसायची. ताई खालच्या बाजूला तिचे पाय सांभाळत होती. मी मदतीला गेलो नाही. हे लिहिताना हात थांबतोय, पण गेलो नाही.

वर आली तेव्हा केस कपाळाला चिकटलेले. मधल्या खुर्चीत बसली. श्वास लागला होता तरी आधी पदर नीट केला, थिएटरात बसल्यासारखा. म्हणाली, लाव आता.

प्रोजेक्टर तयार होता. बटण दाबायचं होतं फक्त.

"बल्ब गेलाय," मी म्हटलं.

ताईने माझ्याकडे बघितलं. सकाळीच तिने खालून उजेड बघितला होता. बोलली नाही. न बोलणं तिला चांगलं जमतं.

आई म्हणाली, असू दे. आणि तशीच पडद्याकडे बघत बसली. पांढऱ्या कोऱ्या पडद्याकडे. बराच वेळ. जणू काहीतरी चालू आहे. मग म्हणाली, "कुठे एक सुरकुती नाही रे." मग खुर्चीचा हात धरून उठली आणि तशीच, बसून बसून, उतरली.

उतरताना जास्त दुखतं वाटतं. चढताना तोंडातून आवाज नव्हता आला.

शनिवार, १४

आज चावी दिली.

सकाळपासून सगळे माझ्यावर डोळा ठेवून. बाबांनी बूट घालण्याआधी उलटे करून आपटले. ताईने सगळे खिसे चाचपले, तिचे आणि माझे. बाबांनी बेल वाजवून बघितली, नळ सोडून बघितले, दिव्यांची बटणं दाबून बघितली, रिकाम्या फडताळांची दारं एकेक करून उघडली आणि कान लावून उभे राहिले. काही खोकलं नाही.

मी काहीच केलं नव्हतं. काकाकाकू आले, मी त्यांना वर नेलं. कापडाला बोट लावू नका, डाग पडतो. धूळ बसली तर कोरड्या मऊ फडक्याने, वरून खाली. उन्हाळ्यात सैल वाटलं तर मागच्या पिना काढून परत ताणायचं, मधून सुरुवात करायची, कोपऱ्यातून नाही. काका मान डोलवत होते. काकू म्हणाल्या, तू कधीही ये हं बघायला. मी हो म्हटलं. जाणार नाही.

टेम्पोत बाबांनी विचारलं, खरं सांग, काय करून ठेवलंयस?

काही नाही, मी म्हटलं.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजवरच्या माझ्या कुठल्याच उद्योगाने त्यांची अशी गाळण उडाली नव्हती.

सोमवार, २३

नवीन घर ठीक आहे. सगळं एकाच मजल्यावर असल्यामुळे कोणापासून लांब जाता येत नाही. आई या खोलीतून त्या खोलीत हिंडत असते, उगाचच, काम नसताना. बाबा अजून बूट आपटूनच घालतात. आपटू देत. मी सांगणार नाही. यांना काही सांगायचं नाही असं मी ठरवलंय, बघू त्यांना कसं वाटतं ते.

ताई एक बोलते, मी अर्धं बोलतो.

आई दिवसाआड विचारते, बल्ब मिळाला का रे? मी म्हणतो, जुनं मॉडेल आहे, मिळत नाही. ती म्हणते, मिळेल. प्रोजेक्टर माझ्या पलंगाखाली आहे. काल बघितलं तर त्याच्यावर धूळ नव्हती आणि वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं होतं. मी वायर कधी गुंडाळत नाही.

आज घरी आलो तर बैठकीच्या खोलीत बाबा कपाट (तेच, पाय कापलेलं) मोठ्या भिंतीला लावत होते आणि आई नको म्हणत होती. इथे नको, तिथे ठेवा. बाबा म्हणाले, तिथे दार अडतं. अडू दे, आई म्हणाली, ही भिंत मोकळी ठेवायची आहे. कशाला ते सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलं पण नाही. कपाट आता दाराच्या मागे आहे आणि दार अर्धंच उघडतं.

संध्याकाळी सगळे आत होते तेव्हा मी टेप काढली. म्हणजे करणार आहे असं नाही. नुसतं बघायला.

भिंत नंतर. आधी दरवाजा मोजला, कपाट अडतं तिथपर्यंतचा. मग वखारीत बिजागऱ्या कितीला मिळतात ते ताईला विचारणार होतो, पण नको, स्वतःच जाऊन आणीन. या वेळी घडी होईल असाच करायचा, मध्ये रेघ आली तर आली. या लोकांचा काय भरवसा.